मदत हवी आहे : डीएसपीवाल्या मशीनवर बेस पोकळ येतोय, परवा कार्यक्रम आहे (सांगली)

लॉनवाला_सांगली
नवीन डीएसपीवालं मशीन (आत डिजिटल प्रोसेसर असलेला अँप्लिफायर) घेतलंय, दोन चॅनेलचं. चार बेसच्या पेट्या त्यावर लावल्यात. जुन्या साध्या मशीनवर जो ठोका होता त्याच्या निम्मासुद्धा नाही. ढोलकीची धुम तर पार पोकळ. लिमिटरचा (जादा आवाज अडवणाऱ्या भागाचा) लाल दिवा मात्र प्रत्येक ठोक्याला पेटतोय, आणि आवाज वाढवला की स्पीकरचे कोन (पडदे) फडफडतात. परवा संध्याकाळी मिरज रोडला लॉनवर लावणीचा कार्यक्रम आहे. नेमकं सेटिंग काय ठेवायचं तेवढं सांगा. मॅन्युअल वाचलंय, ते वाचायला सांगू नका.

ओहमचा_हिशेब
अहो, यातून काय कळणार? स्पीकर किती इंची, किती ओहम, किती वॉट? पेटी बंद की पोर्टची (हवेला भोक असलेली)? एका चॅनेलला किती पेट्या? ब्रिज केलंय का (दोन चॅनेल जोडून एक)? लिमिटरमध्ये कोणते आकडे भरलेत? मिक्सर आणि मशीन यांच्यामध्ये आणखी काही आहे का? एवढं लिहा, मग बोलू.

लोखंडी_मशीन
डीएसपी काढून टाका. वजनदार ट्रान्सफॉर्मरचं साधं मशीन लावा आणि बाहेर एक क्रॉसओव्हर (बेस आणि वरचा आवाज वेगळा करणारा डबा). बेसला लोखंडच लागतं. हलक्या मशीनमध्ये तो दम नाही.

लॉनवाला_सांगली
१८ इंची, ८ ओहम, १००० वॉट प्रत्येकी. पोर्टची पेटी. चॅनेलला दोन-दोन, ब्रिज नाही. मशीन ४ ओहमला चॅनेलमागे २००० वॉटचं आहे. लिमिटरमध्ये १००० वॉट, ४ ओहम टाकलंय. लो पास (फक्त खालचा आवाज सोडणारा फिल्टर) १०० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली २४ प्रकारचा. बाकी सगळं नेहमीचंच.

ओहमचा_हिशेब
दोन गोष्टी लगेच दिसतात.

पहिली, लिमिटर. मशीनला वॉट कळत नाहीत, व्होल्ट कळतात. तुम्ही भरलेल्या आकड्यांचा ते गुणाकार करतं आणि वर्गमूळ काढतं : १००० × ४ = ४०००, वर्गमूळ ६३.२ व्होल्ट. दोन पेट्या समांतर असल्या तरी दोघींना तेच ६३ व्होल्ट मिळतात, म्हणजे ८ ओहमच्या प्रत्येक स्पीकरला ५०० वॉट. वॉट एका पेटीचे आणि ओहम दोन पेट्यांचे, असा घोळ झालाय. एकतर १००० वॉट ८ ओहम भरा, नाहीतर २००० वॉट ४ ओहम. दोन्हीचं उत्तर ८९.४ व्होल्टच येतं.

दुसरी, हाय पासचं (अगदी खालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरचं) नावच नाही. पोर्टच्या पेटीला हाय पास नसेल तर ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलाय त्याच्या) खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकळाच पुढे-मागे होतो. फडफड ती हीच. कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) आपटून वाकायच्या आत तो चालू करा.

तारजोडणी
८९ व्होल्ट सरसकट टाकायला सांगू नका. १००० वॉट हा आकडा दोन तास गुलाबी आवाजावर (पिंक नॉइज, चाचणीचा खरखरीसारखा आवाज), स्पीकर उघड्यावर ठेवून काढलेला असतो. पेटीत बसवून, संध्याकाळभर, तेवढं सतत दिलं तर कॉइलचा वास येणारच. ६३ हाच आकडा बरोबर आहे.

ओहमचा_हिशेब
६३ चूक नाही, तो टाकलाय कुठे ते चूक. लाल दिवा ठोक्यागणिक पेटतोय, म्हणजे त्यांनी तो पीक लिमिटरमध्ये (क्षणिक शिखरं अडवणाऱ्या) टाकलाय. तिथं तो ढोलकीच्या प्रत्येक थापेचं डोकं छाटणार. पीकला मशीनची पूर्ण झेप द्या : २००० वॉट ४ ओहम, म्हणजे शिखराला साधारण १२६ व्होल्ट. अ‍ॅटॅक (पकडायचा वेळ) १६ मिलिसेकंद, रिलीज (सोडायचा वेळ) त्याच्या १६ पट, २५६. आरएमएस लिमिटर (सरासरी जोर अडवणारा) वेगळा असेल तर त्यात ६३ व्होल्ट आणि अ‍ॅटॅक काही सेकंदांचा. मग थाप मोकळी सुटते आणि कॉइलही तापत नाही.

तारजोडणी
दोन लिमिटर वेगळे असतील तर मान्य. एकच असेल तर मी ६३ वरच ठेवेन.

गाडीत_बारा
इथंच विचारतो, माझ्या गाडीत १२ इंची सब आहे, दोन कॉइलचा, २ + २ ओहम. डीएसपी अँप १ ओहमला चालत नाही. काय करू?

ओहमचा_हिशेब
कॉइल सिरीजमध्ये जोडा, ४ ओहम होतील. पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला. बाकीचं वेगळ्या धाग्यात.

कृष्णाकाठचा_कान
लॉनवाले, एक साधी गोष्ट करून बघा आणि इथे लिहा. टॉप (बेसच्या वरचा आवाज वाजवणाऱ्या पेट्या) बंद करून फक्त बेस ऐका, मग टॉप चालू करा. टॉप आल्यावर धुम वाढते की कमी होते?

लॉनवाला_सांगली
आता करून बघितलं. नुसते बेस चालवले तर बरे वाजतात. टॉप चालू केले की धुम गायब! हे काय गौडबंगाल?

बॅटरी_लावा
एखादी पेटी उलटी जोडली असणार. मशीनवरून वायर काढा, ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा, बॅटरीचा प्लस '१ प्लस' टोकाला. चारही कोन बाहेर यायला हवेत. एखादा आत गेला तर त्या स्पीकॉनमध्ये (स्पीकरच्या वायरच्या कनेक्टरमध्ये) वायर उलटी आहे.

कृष्णाकाठचा_कान
चाचणी चांगली आहे, करावीच. पण एक पेटी उलटी असती तर नुसते बेस वाजवतानाही मध्यभागी ठोका कमी झाला असता. इथं भांडण बेस आणि टॉप यांच्यात आहे. टॉपला काय लावलंय? 'बाकी नेहमीचंच' म्हणजे नेमकं काय?

लॉनवाला_सांगली
टॉपला जुनं साधं मशीन. मिक्सरमधून मॅनेजमेंट (आवाज वाटून देणारा प्रोसेसर), तिथून दोन्ही मशीन. मॅनेजमेंटमध्ये १०० हर्ट्झला कट आहे, २४ चा. ते पहिल्यापासून तसंच आहे, त्यात काहीच बदललेलं नाही.

कृष्णाकाठचा_कान
मग हेच ते. बेसला लो पास दोनदा लागलाय, एकदा मॅनेजमेंटमध्ये आणि एकदा नव्या मशीनच्या डीएसपीत. टॉपला हाय पास एकदाच.

लिंकविट्झ-रायली २४ हा फिल्टर कटच्या जागी ६ डीबी खाली असतो. लो पास फेज (लहरीची चाल) १८० अंश मागे नेतो, हाय पास १८० पुढे. फरक ३६०, म्हणजे एक पूर्ण फेरी. दोघं एकाच दिशेला ढकलतात आणि बेरीज बरोबर शून्य डीबी येते. आता बेसला तोच फिल्टर दुसऱ्यांदा लागला. बेस १०० हर्ट्झला १२ डीबी खाली गेला आणि फेज आणखी १८० मागे. टॉप ढकलतोय तेव्हा बेस ओढतोय. निम्म्यातून पाव वजा झाला, उरला पाव : १०० हर्ट्झवर बरोबर १२ डीबीचा खड्डा. ढोलकीच्या धुमेचा भरणा नेमका त्याच पट्ट्यात.

जुन्या मशीनमध्ये डीएसपी नव्हता, म्हणून तिथं फिल्टर एकदाच लागायचा. त्यात लोखंडाचा काही संबंध नाही.

लोखंडी_मशीन
म्हणजे माझंच खरं झालं, डीएसपीनंच घोळ केला. असो. एवढं कशाला, बेसची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करा, एका बटणाचं काम आहे.

कृष्णाकाठचा_कान
उलटी केली तर वजाबाकीची बेरीज होईल : निम्मा अधिक पाव, म्हणजे पाऊण. तरी अडीच डीबी कमीच, आणि १०० च्या वर-खाली फेज जुळत नाही ते नाहीच. ऐकायला बरं वाटेल आणि खरा दोष दडून राहील. फिल्टर एका जागी ठेवा.

लॉनवाला_सांगली
कुठला काढू? मॅनेजमेंटमधला की मशीनमधला?

ओहमचा_हिशेब
मशीनमधला लो पास बंद. टॉपचा कट मॅनेजमेंटमध्ये आहे, तर जोडी तिथंच राहू द्या. मशीनच्या डीएसपीत फक्त हाय पास आणि लिमिटर. मॅनेजमेंटमध्ये बेसला हाय पास आधीच असेल तर तो मात्र बंद करा, नाहीतर पुन्हा तेच दुप्पट प्रकरण.

हाय पास कुठं लावायचा हे पेटीवर आहे. हळू आवाजात ६० हर्ट्झची साइन वेव्ह (एकच शुद्ध सूर) द्या आणि एक-एक हर्ट्झ खाली या. पेटीच्या तोंडाशी बसून कोनकडे बघा. एका जागी कोन जवळपास थांबतो आणि पोर्टमधून हवा हाताला जोरात लागते. ती पेटीची ट्यूनिंग. ती ४० ला सापडली तर हाय पास ३५ ला, बटरवर्थ २४ प्रकारचा.

मैफलीचा_माइक
मिरजेत तंबोऱ्याच्या साथीला हे १८ इंची कशाला लावतात कळत नाही. तंबोऱ्याच्या माइकला ८० च्या आसपास हाय पास लावून बेसला काही पाठवूच नये. नुसती घरघर होते आणि जवारी (तारांचा झणकार) झाकोळते.

तारजोडणी
बरोबर आहे, पण इथं लावणी आहे.

आवाजाचा_नियम
रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, २००० सालचा नियम आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बेस वाढवायच्या आधी हे बघा.

कृष्णाकाठचा_कान
नियम पाळायलाच हवा. त्यात एक बारकावा आहे : तो ५५ 'ए' वजनाचा (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेला) असतो. 'ए' मोजणी ६३ हर्ट्झला २६ डीबी कापते. मीटरवर बेस फारसा दिसत नाही, पण शेजारच्या घराची खिडकी थरथरते. म्हणून मीटरवर विसंबू नका. बेस लॉनच्या कडेला, घरांकडे पाठ करून ठेवला तरी कमी कंप्रतेचा आवाज मागेही जातो.

लॉनवाला_सांगली
लो पास काढला, हाय पास ३६ ला लावला (ट्यूनिंग ४१ ला सापडली, हवा खरंच हाताला लागते). लिमिटर दोन वेगळे निघाले, सांगितलं तसं भरलं. खड्डा बराच भरला, लाल दिवा थांबला. पण अजून थोडं सैल वाटतंय, ढोलकीची धुम आणि शाईच्या बाजूची थाप एकत्र येत नाहीत.

कृष्णाकाठचा_कान
राहिला तो वेळेचा फरक. डीएसपीला हिशेब करायला एक-दोन मिलिसेकंद लागतात, टॉपच्या साध्या मशीनला लागत नाहीत. १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर; बेस तेवढा मागे सरकल्यासारखा होतो.

मिक्सरमधून १०० हर्ट्झची साइन वेव्ह द्या. टॉप आणि बेस एकेकटे समान वाजतील असे लावा. बेसची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा. आता मॅनेजमेंटमध्ये टॉपला डिले ०.५ च्या टप्प्यानं वाढवत जा. जिथं आवाज सगळ्यात कमी होतो तो आकडा ठेवा आणि पोलॅरिटी सरळ करा. फोनवरचं मीटर यासाठी चालतं, कारण एकाच सुरात तुलना करायची आहे. ५ मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ नका. १०० हर्ट्झची एक फेरी १० ची, पुढे गेलात तर चुकीच्या फेरीला जुळवाल.

तारजोडणी
आणि वायर कोणती? २० मीटर १.५ स्क्वेअर एमएम असेल तर जाऊन-येऊन ०.४८ ओहम. ४ ओहमच्या भारावर १ डीबी तिथंच गेला. ४ स्क्वेअर घातली तर ०.४ डीबीवर येतो. मेनचंही तेच : ३० मीटर १.५ च्या एक्स्टेन्शनवर २० अँपिअरला साडेचौदा व्होल्ट पडतात. त्याला २० अँपिअरवर चालवूच नका, जाड वायर घ्या.

लॉनवाला_सांगली
डिले १.५ ला आवाज सगळ्यात कमी झाला. पोलॅरिटी सरळ केली. धुम आता शाईच्या बरोबर येते. वायर २.५ ची आहे, २० मीटर. तेवढी चालेल ना?

तारजोडणी
चालेल. ०.६ डीबी जातो, कानाला कळणार नाही. स्पीकॉनचे स्क्रू मात्र आवळून बघा, १८ इंचीच्या कंपानं ते सुटतात.

ओहमचा_हिशेब
हे सगळं आत्ताच प्रीसेटमध्ये सेव्ह करा आणि पुढचं पॅनेल लॉक करा. एक शेवटची तपासणी : स्पीकॉन काढा, ६० हर्ट्झ साइन द्या, मल्टीमीटर एसी ७५० वर ठेवून १ प्लस आणि १ मायनसला लावा आणि आवाज वाढवा. आधी आकडा ८९ च्या आसपास अडेल, तो पीक लिमिटर. काही सेकंदांत ६३ वर उतरेल, तो आरएमएस. टोकांना हात लावू नका, ८९ व्होल्ट झटका द्यायला पुरे आहेत.

लॉनवाला_सांगली
८८ वर थांबलं, चार सेकंदांत ६३ वर आलं. सेव्ह केलं.