गॅरेजमधला जिप्सम बोर्ड फुगलाय, घर विकायचंय. दुरुस्त करू का तसंच दाखवू?

कृष्णाकाठ_71
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागाकडं आमचं दुमजली घर आहे. मुलगा पुण्यात, इथं आम्ही दोघंच, आणि आता जिना चढवत नाही म्हणून घर विकायला काढलंय. खाली गॅरेज आहे, त्यातला निम्मा भाग 2017 ला जिप्सम बोर्डचं पार्टिशन मारून बायकोच्या शिवणक्लासला केलेला. 2019 च्या पुरात आत छातीएवढं पाणी होतं, ते उतरल्यावर चिखल काढला, महिनाभर फॅन लावून ठेवला, वाळलं असं वाटलं म्हणून वरून पुट्टी मारून रंग दिला आणि विषय संपवला. 2021 ला परत गुडघाभर. आता खालून बोर्ड फुगलाय, बोटानं दाबलं की चहात बुडवलेल्या बिस्किटागत आत जातो, आणि त्यात माझ्याच स्कूटरच्या हँडलनं नारळाएवढं भोक पडलंय.
पेंटर म्हणतो पुट्टी मारून दोन हात देतो, दोन दिवसात कळणार पण नाही. एजंट म्हणतो कशाला खर्च, घेणारा पाडूनच टाकेल. बायको म्हणते भोक दिसलं की गिऱ्हाईक दहा हजाराच्या कामाला लाखभर पाडून मागतं. तिघांचंही पटतंय हीच अडचण आहे.
अजून एक, मागच्या विटांच्या भिंतीवर बाबांनी तेलरंगानं पुराच्या रेघा मारून ठेवल्यात, 2005 आणि 2019. त्या पुसायच्या का?

भडंगप्रेमी
काका, सांगलीत घर बघायला येणारा माणूस किचनच्या आधी पाणी कुठवर आलेलं ते विचारतो. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं अख्ख्या गावाला पाठ आहे, रेघ पुसून कुणापासून लपवताय 😄

करवत_आणि_रंधा
मी कुपवाडला इंटिरियरची कामं करतो. पेंटरचं ऐकू नका. जिप्सम एकदा भिजून मऊ पडला की वाळला तरी पहिली ताकद येत नाही, त्यावर पुट्टी म्हणजे कुजक्या लाकडाला पॉलिश. एक पावसाळा धरेल, नंतर पोपडे. आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूला कागद असतो, त्या कागदाला मागून बुरशी लागलेली असणार, समोरून दिसत नाही पण खोली बंद ठेवली की वास येतो. गिऱ्हाईकाला तो वास पहिला येतो, तुम्हाला सवय झालेली असते.
करायचंच तर असं करा. पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर कापायचं असतं, म्हणजे तुमचं पाच फुटांच्या आसपास. पण बोर्ड सहसा 4 बाय 6 चा येतो, उभा लावला असेल तर पाचवर कापून वर जॉइंट करत बसण्यापेक्षा सहा फुटाला जो जॉइंट आहे तिथूनच अख्खा काढा, काम सोपं होतं. भोकाची वेगळी काळजी सोडा, हँडल तीन-सव्वातीन फुटांवर लागतं, ते पण त्यातच जाईल. स्क्रू कुठं आहेत ते चुंबक फिरवून बघायचं. मास्क लावा, आणि त्या भिंतीतली लाइट आधी मेनला बंद करा, पाण्याखाली गेलेले सॉकेट वायरमनला दाखवल्याशिवाय परत चालू करू नका.
बोर्ड ज्यावर स्क्रूनं बसवलाय ते पत्र्याचं चॅनल गंजलं नसेल तर तेच चालेल, नुसतं धुऊन पुसून घ्या. खाली परत जिप्सम नको, सिमेंट बोर्ड मारा, आणि फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा. टेकवला की गाडी धुतल्याचं पाणीसुद्धा वर ओढतो. बाजारात हिरवा बोर्ड मिळतो, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून देतो, तो दमट हवेसाठी असतो, पुरासाठी नाही. जॉइंटला आधी टेप, मग कंपाउंडचे (सांधे भरायची पुट्टी) तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद ओढायचा आणि मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. शेवटी 150 चा पॉलिश पेपर. प्रायमर चुकवू नका, नाहीतर ट्यूबलाइट लावली की भिंतीवर पट्टे दिसतात आणि सगळी मेहनत पाण्यात (सॉरी, सांगलीकराला असं म्हणू नये).

मिरज_जंक्शन
एवढं सगळं कशासाठी? क्लास बंद आहे ना? पार्टिशन काढूनच टाका. गाडी आणि दोन टू-व्हीलर मावतील असं मोकळं गॅरेज गावभागातल्या बोळात सोन्यासारखं आहे, बोर्डच्या खोलीला कोण विचारतंय. आणि विटांच्या भिंतीला रंग द्यायच्या आधी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनी टेप लावून एक दिवस चिकटवून ठेवा. आतून थेंब आले तर भिंतीत अजून ओल आहे, रंग थांबवा.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. घेणाऱ्याला माहीत नाही आणि साध्या पाहणीत सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आता बघा, फुगलेला बोर्ड उघडा आहे तोवर तो कुणालाही दिसतो. पेंटरनं पुट्टी मारली की तोच दोष तुम्ही स्वतःच्या पैशानं लपवलेला होतो. दुरुस्त करा किंवा दाखवा, झाकू तेवढं नका. पाणी कुठवर आलं तेही तोंडी न सांगता करारात एक ओळ लिहून घ्या, उद्या कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

कृष्णाकाठ_71
सगळ्यांचे आभार. रविवारी भाच्याला बोलावून पार्टिशन काढलं, मिरजकरांचं ऐकलं. बोर्डामागं खालच्या चॅनलमध्ये अजून गाळ होता, वाळून ढेकूळ झालेला, आणि त्यात मशीनच्या तीन बॉबिन, एकीवर लाल दोरा तसाच. बायको म्हणे ह्या मी सहा महिने शोधत होते. कागद मागून काळा ठिक्कर, करवतवाले बरोबर बोलले.
प्लास्टिक लावलं होतं, कोपऱ्यात थेंब आले, म्हणून रंग दिवाळीनंतर. रेघा ठेवल्यात. काल एक जोडपं येऊन गेलं, त्या बाईनं 2019 च्या रेघेला पाठ लावून उंची बघितली, नवऱ्याकडं बघितलं आणि मला विचारलं, वरच्या मजल्यावर गॅस सिलिंडर कसा चढवला होता? भाव बोलायला शनिवारी येतो म्हणालेत.