आधी कादंबरी की आधी चरित्र? सध्या काय वाचताय?

सनावळी
गेले तीन आठवडे माधवराव पेशव्यांच्या सहवासात आहे. आधी रणजित देसाईंची 'स्वामी' ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचली आणि लगेच गो. स. सरदेसायांच्या 'मराठी रियासत' या इतिहासग्रंथातला माधवरावांचा भाग काढला. थेऊरचे शेवटचे दिवस, पत्नी रमाबाईंशी झालेली बोलणी हे सगळं माझ्या मनात 'घडलेलं' म्हणून पक्कं बसलं होतं. रियासतीत ती बोलणी शोधत राहिले, ती नाहीतच. तिथे आहे ते काका राघोबादादांशी झालेली धोडपची लढाई (१७६८), कर्नाटकच्या स्वाऱ्या, आणि शेवटच्या आजारात लिहवून घेतलेली कलमं. त्यांत दौलतीचं कर्ज फेडण्याचं कलम आहे. सत्तावीस वर्षांचा क्षयाने खंगलेला माणूस सावकारांची देणी मागे राहू नयेत म्हणून तजवीज करतो, हे वाचल्यावर मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. कादंबरीने तीन वाचनांत मला इतकं हलवलं नव्हतं.

म्हणून माझं मत: चरित्र आधी वाचावं. कादंबरी आधी वाचली की ती मनात ठाण मांडते आणि खऱ्या माणसाला आत यायला जागा उरत नाही.

तुम्ही काय वाचताय, कोणत्या क्रमाने?

गडवाट
मला हे अजिबात पटत नाही. रियासत तुम्ही काढलीत कशामुळे? 'स्वामी' तीनदा वाचली होती म्हणून. १९६२ साली ही कादंबरी आली आणि पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर बसून दौलतीची विस्कटलेली घडी बसवणारा पेशवा घराघरांत पोचला. त्याआधीही रियासत होतीच की! शाळेत माझ्यासाठी माधवराव म्हणजे राक्षसभुवनची लढाई, १७६३, दोन गुण. माणूस म्हणून ते मला कादंबरीत भेटले, आणि कर्जाचं ते कलम तुम्हाला लागलं तेही तो माणूस आधी ओळखीचा झाला होता म्हणूनच.

सध्या शिवाजी सावंतांची संभाजीराजांवरची कादंबरी 'छावा' चालू आहे, दुसऱ्यांदा.

मोडीप्रेमी
'छावा'चा विषय निघालाच आहे तर संभाजीराजांचंच उदाहरण घेऊ. त्यांचा वध १६८९ चा. त्यांना व्यसनी, बेजबाबदार ठरवणारी मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१० च्या आसपासची, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरची. शिवाय संभाजीराजांनी ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना देहान्त शासन दिलं, त्यांच्याच घराण्यातला हा लेखक. पुढे नाटककारांनी ती बखर उचलली आणि रंगमंचावर बदफैली युवराज उभा राहिला. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तोच खरा मानला. हा डाग पुसला तो वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने, मूळ कागद तपासून. ललित लेखनाने केलेलं नुकसान चरित्राला भरून काढावं लागलं. क्रम कोणता असावा, हे मला यातच दिसतं.

गडवाट
बेंद्र्यांचं ऋण मलाही मान्य आहे. पण सुरुवात बखरीने केली, आणि बखर स्वतःला इतिहासच म्हणवत होती. शिवाय बेंद्र्यांचा ग्रंथ किती जणांनी वाचला असेल? त्यांनी धुऊन काढलेली प्रतिमा सामान्य वाचकापर्यंत नेली ती १९७९ च्या 'छावा'ने. माझ्या आईने आयुष्यात एकही तळटीप वाचली नाही, पण संभाजीराजांनी संस्कृतात 'बुधभूषण' हा ग्रंथ लिहिला हे तिला माहीत आहे. कादंबरीमुळेच.

मोडीप्रेमी
तुमच्या आईंबद्दल वाचून खरंच बरं वाटलं. पण दुसरी बाजूही पाहिली आहे. मागे एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक होतो. एका मुलीने संभाजीराजांच्या तोंडचा उतारा असा म्हटला की सभागृह स्तब्ध झालं. नंतर विचारलं, हे कुठून घेतलंस? म्हणाली, "सर, इतिहासात आहे." तो उतारा कादंबरीतला होता. तिला तसं सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. चूक तिची नव्हती. संवाद लेखकाचे आहेत, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

शांतपाणी
यात एक गोष्ट राहून जातेय. रमाबाईंबद्दल कागद किती बोलतात? थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन, म्हणजे स्मारक, आहे, त्या सती गेल्या एवढं नक्की. त्या काय विचार करत होत्या, हे कोणत्या चरित्रात मिळणार? मोहिमा, तह आणि जमाखर्च लिहिणाऱ्यांनी बायकांची मनं टिपली नाहीत. ती पोकळी कादंबरीकारच भरणार. तेवढ्यासाठी तरी मी आधी कादंबरीच उघडेन.

सनावळी
शांतपाणी, पोकळी दिसत राहिली तर काय बिघडलं? रमाबाईंच्या मनातलं आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्टच किती बोचरी आहे! कादंबरी ती बोच काढून टाकते. आणि कागद अगदीच मुके नाहीत. माधवरावांच्या आई गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, रोज कसं वागावं याची कलमं लिहून पाठवली होती. मला त्यांत पानिपतात थोरला मुलगा आणि पाठोपाठ नवरा गमावलेली, राज्याची काळजी न सुटलेली आजी दिसते. कोणत्याही लेखकाने रचलेल्या संवादापेक्षा मला ती कलमं जवळची वाटतात.

गडवाट, तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. 'स्वामी' नसती तर मी रियासतीपर्यंत पोचले नसते.

गडवाट
मग माझीही एक कबुली. शिवाजी महाराजांवरच्या 'श्रीमान योगी' कादंबरीच्या सुरुवातीला विचारवंत नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र छापलंय, ते मी प्रत्येक वेळी ओलांडून पुढे जायचो. काल रात्री पहिल्यांदा पूर्ण वाचलं. महाराजांविषयी इतके खडे प्रश्न कादंबरीच्या दारातच उभे आहेत, आणि मला पत्ताच नव्हता! तरी माझा क्रम बदलणार नाही. 'छावा' संपली की बेंद्रे.

मोडीप्रेमी
बेंद्रे वाचताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. 'छावा'तला जो प्रसंग तिथे सापडणार नाही, त्याची नोंद करत चला. ती यादी इथे टाका, मी माझ्याकडच्या कागदांशी ताडून पाहतो.