कासव सरपटत नाही, चालतं

सोसायटीचा ग्रुप, सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर. रविवार.

ए-101 काका, 8:12
(फॉरवर्ड) ‼️ महत्त्वाचे ‼️ कौन्सिलचा निर्णय. एका घरात दोनपेक्षा जास्त सरपटणारे प्राणी ठेवता येणार नाहीत. सहा फुटांवरील सापासाठी परवाना सक्तीचा. नियम मोडल्यास 500 डॉलर दंड. सर्वांना पाठवा.

ए-101 काका, 8:13
आता तरी डोळे उघडा. बी विंगमध्ये काल काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-402 ताई
काका, दंड डॉलरमध्ये भरायचा का? महापालिकेत चिल्लर मिळणार नाही 😄

ए-101 काका
थट्टा करू नका. विषय गंभीर आहे.

ए-304
मला माहीत नाही, काय झालं काल? आम्ही जालन्याला होतो.

बी-201
मी सांगते. बी-304 कडे वाढदिवस होता. माझी लेक आईस्क्रीम काढायला त्यांच्या फ्रीजरपाशी गेली. व्हॅनिलाचा डबा उघडला तर आत पांढरे उंदीर. प्लास्टिकच्या पिशव्यांत, ओळीने, वर मार्करने तारखा. ती बाहेर येऊन म्हणते, मम्मा, उंदीर झोपलेत. मग कळलं की दादाच्या खोलीत साप आहे. दीड वर्षापासून! आणि आम्ही बरोबर खाली राहतो.

बी-304 आई
परत एकदा सगळ्यांची माफी मागते. चूक आमचीच. छोटा वेगळा फ्रीज सांगितला आहे, मंगळवारी येतोय. मलाही ते उंदीर आवडत नाहीत हो, पण पोराचा हट्ट.

सचिव (ए-203)
बी-304, मुलालाच लिहू द्या. ग्रुपवर आहे ना तो?

बी-304 मुलगा
नमस्कार. तो बॉल पायथन आहे, पश्चिम आफ्रिकेतला अजगर. बिनविषारी. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत घालतो, म्हणून ते नाव. दहा-बारा दिवसांतून एकदा खातो. पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे असते. थंडीत थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, उन्हाळ्यात कूलर. मे महिन्यात लाईट गेली की त्याच्या पेटीजवळ मी ओला टॉवेल धरून बसतो. आईला विचारा.

बी-304 आई
खरं आहे. माझ्यासाठी कधी बसला नाही.

ए-101 काका
बिनविषारी असो नाही तर अमृताचा असो. साप तो साप. सोसायटीने ठराव करावा, सरपटणारा एकही प्राणी नको. या कौन्सिलने तरी दोनची मुभा दिली आहे, आपण शून्य करू.

सी-402 ताई
काका, हा मेसेज परदेशातल्या कुठल्या तरी गावचा आहे. माझी मोठी मुलगी इंग्लंडला असते. तिकडे 1976 चा धोकादायक वन्यप्राण्यांचा कायदा आहे, त्याचा परवाना स्थानिक कौन्सिल देते. पशुवैद्य घर बघून जातो, विमा काढावा लागतो. पण तो नाग, मगर असल्या प्राण्यांसाठी. हा बॉल पायथन त्या यादीत नाही. तिच्या शेजारच्या पोराकडे आहे, परवानाबिरवाना काही नाही. उलट न्यूयॉर्क शहरात अजगर आणि इग्वाना नावाचा मोठा सरडा पाळायला सरळ बंदी. गावोगाव वेगळं.

सचिव (ए-203)
आणि आपल्याकडे? महापालिकेचं काही आहे का?

बी-105 सर
उशिरा लिहितोय, फिरायला गेलो होतो. मी पस्तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

महापालिका पाळीव कुत्र्याची नोंदणी करते. साप-सरड्यांचा विषय थेट केंद्राच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, 1972 च्या. इथला कोणताही जंगली साप, मग नाग असो, धामण असो, नाही तर अजगर, घरात ठेवणं गुन्हा. घोरपड आणि मांडूळसुद्धा. गावाकडे अजून लोक मांडूळ लाखोंना विकायच्या गप्पा मारतात आणि तुरुंगात जातात.

परदेशी जातींचं वेगळं. 2022 ला कायदा बदलला, तेव्हा वन्यप्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची एक यादी त्यात आली, अनुसूची 4. बॉल पायथन त्यात आहे. असा प्राणी घरी असेल तर परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या वेबसाइटवर, नोंदणी करावी लागते. 2024 च्या फेब्रुवारीत त्याचे नियम आले. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं. बाळा, तू नोंदणी केलीस का?

बी-304 मुलगा
हो सर. पावती आणि प्रमाणपत्र दोन्ही आहे. सचिव काकांना पाठवतो.

सचिव (ए-203)
मिळालं. शिक्का वगैरे दिसतोय. मला यातलं काही कळत नाही, पण दिसतोय.

ए-101 काका
कागद असला म्हणून काय झालं? उद्या सगळ्यांनी आणले तर? निदान मर्यादा तरी ठरवा. एक घर, एक साप, चार फुटांपर्यंत.

सचिव (ए-203)
आणि मोजणार कोण? मी आधीच सांगतो, टेप घेऊन मी जाणार नाही.

सी-402 ताई
आणि वाढतो की तो. मार्चला मोजला तर बसेल, दिवाळीला बाहेर. मग काय, दर सहा महिन्यांनी पाणीपट्टीबरोबर सापाची लांबी भरायची?

सी-303 वकील
बंदीचा ठराव इतका सोपा नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याप्रमाणे बहुमताच्या जोरावरही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्या सूचना सापाला लागू होतात की नाही, यावर मी फुकट मत देत नाही. पण त्रास, वास, सुरक्षितता याबद्दल अटी घालता येतील. ठराव करायचाच असेल तर तसा करा.

बी-201
मला कायदा शिकवू नका कोणी. माझं म्हणणं ऐकायलेत का? माझी लेक सात वर्षांची आहे. काल दादाने तिच्या हातात दिला तो साप. ती घाबरली नाही, उलट हसायली. मला त्याचीच भीती वाटायली. मागच्या कुंपणापाशी गवत आहे, पावसाळ्यात तिथे काय काय निघतं ते वॉचमनला विचारा. उद्या तिला तिथे तपकिरी ठिपक्यांचा साप दिसला तर ती म्हणेल, दादाचा आहे. आणि उचलेल.

बी-105 सर
या सगळ्या चर्चेत हा एकच मुद्दा मला खरा वाटतो.

घोणस आणि अजगराचं पिल्लू यात मोठी माणसंही फसतात. दोन्ही जाडजूड, दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या अंगावर डाग. घोणशीच्या पाठीवर लंबगोल डागांच्या तीन रांगा असतात, साखळीसारख्या, आणि ती डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. पण संध्याकाळी गवतात रांगा मोजत कोण बसतं? आणि हा बॉल पायथनही लहान असताना दुरून तसाच दिसतो. आपल्या बाजूला डोंगर आहे, घोणस निघणारच. पोरांच्या हाताला सापाची सवय लावणं म्हणजे शिकवणी चुकीच्या वर्गात लावणं.

बी-304 मुलगा
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटायचं मुलांची भीती गेली की बरं. यापुढे कोणाच्या हातात देणार नाही. सॉरी ताई.

बी-201
ठीक आहे. पण मागचं गवत कोण काढणार ते पण आजच ठरवा.

सचिव (ए-203)
उद्या माळी लावतो. साप दिसला तर कोणीही काठी घेऊन धावू नका, वनविभागाला 1926 वर फोन. चावलाच तर 108, आणि सरळ दवाखाना. पट्टी आवळायची नाही, बाबाकडे न्यायचं नाही.

बी-105 सर
मुला, एक विचारतो. हा प्राणी पंचवीस-तीस वर्षं जगतो. तुला पुण्याला नोकरी लागली तर?

बी-304 आई
😐 हा प्रश्न मी रोज विचारते सर.

बी-304 मुलगा
नेईन सोबत. घर तसं बघेन.

बी-304 आई
आधी लग्नाला मुलगी तशी बघ.

ए-101 काकू, 10:40
एक विचारू का? हे नोंदणीबिंदणी आमच्या कासवाला पण आहे का? ते सरपटत नाही, चालतं.

ए-101 काका
अगं

बी-105 सर
काकू, कसलं कासव?

ए-101 काकू
गॅलरीतलं. सहा वर्षं झाली, जावयांनी वास्तूला आणून दिलं. पाण्यात नाही राहत, पालक आणि दुधीची सालं खातं. पाठीवर किती छान चांदण्या आहेत. थांबा, फोटो टाकते.

ए-101 काकू
📷 फोटो

सी-303 वकील
काकू, फोटो ग्रुपवर नको होता.

बी-105 सर
हे तारा कासव. काळपट पाठ, पिवळ्या रेघांच्या चांदण्या, हत्तीसारखे पाय. हे परदेशी नाही, आपल्याच देशातलं आहे, आणि अनुसूची 1 मध्ये. वाघ ज्या यादीत, त्या यादीत. याची नोंदणी होत नाही काकू, हे घरी ठेवताच येत नाही. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

ए-101 काकू
अगं बाई. कासवाला?

सी-402 ताई
सर, मग आमच्या खालच्या मजल्यावर ती डोळ्यामागे लाल रेघ असलेली छोटी कासवं आहेत टाकीत, त्यांचं?

बी-105 सर
ती अमेरिकेतली. रुपयाएवढी असताना विकतात, मग ताटाएवढी होतात आणि लोक तलावात नेऊन सोडतात. पाळली आहेत तर मरेपर्यंत सांभाळायची, सलीम अली तलावात सोडायची नाहीत, तिथल्या कासवांचं अन्न ती खाऊन टाकतात. आणि हात लावला की साबणाने हात धुवायचे, पोट बिघडतं पोरांचं. तारा कासवाचंही तेच, ते डोंगरावर नेऊन सोडू नका. घरात वाढलेलं आहे, काही रोग असला तर बाहेरच्यांना लागेल.

सचिव (ए-203)
काका, तो शून्याचा ठराव अजेंड्यावर घ्यायचा का? तुमच्याच नावाने आहे, म्हणून विचारतो.

ए-101 काका
जरा थांबा. काही अटींवर चर्चा करू.

सी-303 वकील
काका, मी दुपारी येतो. वनविभागाला आपणहून कळवणं सगळ्यात बरं. अर्ज मी लिहून देतो, हे मात्र फुकट.

ए-101 काकू
ते नेतील तेव्हा पालकाची जुडी सोबत दिली तर चालते का?

सचिव (ए-203)
पाच मिनिटांत टँकर येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा. बी-201, तुमचीच आहे पांढरी.

ए-101 काका, 11:26
बी-304 बाळा, जेवण झालं की आमच्याकडे येऊन जा. कासवाला खोक्यात कसं ठेवायचं ते सांग. डबा आणू नको.