निधी उभारणाऱ्यांचा आपापसातला गट कसा जमवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एका छोट्या संस्थेत निधी उभारणीचं काम मी एकटीच बघते. अर्ज नामंजूर झाला, जुन्या देणगीदाराने हात आखडता घेतला, तर मन मोकळं करायला शेजारी कुणी नाही. वरिष्ठांना सांगावं, तर लगेच "मग आता पुढे काय?"

म्हणून वेगवेगळ्या संस्थांत हेच काम करणाऱ्या सहा-आठ जणांना जमवून महिन्यातून तासभर बोलावं, असं डोक्यात आहे. वरिष्ठ नकोत, त्यांच्यासमोर कोण खरं बोलणार?

घोडं अडतंय ते विश्वासापाशी. आमच्यातले दोघं-तिघं एकाच देणगीदाराच्या दारात उभे असतात. देणगीदारांची नावं आणि रकमा गटात काढायच्या नाहीत, हा नियम मी ठरवूनच टाकलाय, कारण ती माहिती आपली नव्हेच, संस्थेवर विश्वास ठेवून दिलेली असते. पण नाव न घेताही जाणकाराला अंदाज येतोच ना! मग शिक्षण, आरोग्य, प्राणीसेवा अशा निरनिराळ्या क्षेत्रांतले लोक घ्यावेत का? की मग अनुभवच जुळणार नाहीत?

शिवाय मागे असाच एक प्रयत्न केला होता. दोन भेटींनंतर गटात फक्त सुप्रभातचे संदेश उरले. दर वेळी एकाने आपली खरी अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी सल्ला देण्याआधी प्रश्न विचारायचे, असं कुणी करून पाहिलंय का? आणि पहिल्या दोघा-तिघांना कसं विचारलंत?