गच्चीवरचा क्लब आणि पहाटे साडेतीनचा गजर: तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

चाळकरीण_लोअरपरळ

नमस्कार मंडळी. लोअर परळला चाळीत राहते, दुसरा मजला, मागची खोली. मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे जुन्या गिरणीची जागा. माझे सासरे तिथेच साचेखात्यात होते, ८२च्या संपापर्यंत. आता तिथे ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर क्लब सुरू झालाय. बुधवार, शुक्रवार, शनिवार. दहानंतर रंगायला लागतो, दीडला बंद. मग गाड्या काढताना हॉर्न, गेटवर आरडाओरडा. अडीच वाजतात.

आवाज कसा असतो ते सांगते. गाणं ऐकूच येत नाही, फक्त बास. मांडणीवर पालथे घातलेले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहतात. त्या तीन रात्री मी झोपायच्या आधी पेल्यांच्या मध्ये फडकी कोंबते. खिडकी लावली तर काच थरथरते, उघडी ठेवली तर आवाज थेट आत. सासूबाई म्हणतात, कानाला नाही गं, छातीला लागतं.

आमचे मिस्टर बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत. पहिली पाळी असली की साडेतीनला उठतात. अडीचला डोळा लागला तर झोप किती, तुम्हीच सांगा. मागच्या महिन्यात एका शनिवारी घरी आले आणि जेवायला न बसता पलंगावर नुसते बसून राहिले. खूप वेळाने म्हणाले, सिग्नलला गाडी उभी होती, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं आपले डोळे मिटले होते. गाडी भरलेली होती. त्या दिवसापासून मला गप्प बसवत नाही.

११२ला तीनदा फोन केला. पोलीस आले, आवाज कमी झाला. जीप वळली, आवाज वर. एकदा घड्याळ लावून बघितलं, नऊ मिनिटं. ४३ सह्यांचं पत्र दिलं तर उत्तर मिळालं की त्यांच्याकडे परवाना आहे, दीडपर्यंत परवानगी आहे. हे खरं आहे का? आणि पुढे कुणाकडे जायचं?

अजून एक. समोरच्या खोलीतला मुलगा तिथे किचनमध्ये कामाला आहे. त्याच्या आईने सही केली नाही. म्हणाली, वहिनी, त्याचा पगार थांबला तर घर कसं चालवू? तिचं मला पटतं. क्लब बंद व्हावा असं माझं म्हणणंच नाही. दहा वाजता गच्ची बंद करा, खाली दारं लावून वाजवा, एवढंच.

खारचे_काका

ताई, दीडची परवानगी असते ती दारू देण्याची. गच्चीवर स्पीकर लावण्याची नाही. या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र सांगितल्या जातात आणि आपण माघारी फिरतो. आम्हीही दोनदा फिरलो.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवायचा तर बंदिस्त जागेत, आतल्यापुरता. उघडी गच्ची बंदिस्त कशी ठरेल? रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ते म्हणतील आमचं कंपाउंड कमर्शिअल आहे. तसं धरलं तरी ५५. शिवाय खासगी जागेतल्या आवाजासाठी वेगळी अट आहे: हद्दीवर तो त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. जानेवारी २०२०मध्ये ‘मुंबई २४ तास’चा निर्णय झाला तेव्हासुद्धा सुरुवात रहिवासी नसलेल्या, गेट असलेल्या जागांपासून केली होती आणि दारूची वेळ दीडच ठेवली होती. तुमच्या पत्रात हे सगळं लिहा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. फोन करणं सोडू नका, पण फोनवर विसंबूही नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील. एक अर्ज वॉर्ड ऑफिसला, आरोग्य परवान्यासाठी. एक राज्य उत्पादन शुल्कला, दारूच्या परवान्यासाठी. दोन्हीकडे परवान्यासोबतचा मंजूर नकाशा मागा. आमच्याकडे नकाशात गच्ची नव्हतीच! खालच्या मजल्याच्या परवान्यावर वर टेबलं मांडली होती. आम्हाला आठ महिने लागले, पण गच्ची बंद झाली. हॉटेल अजून चालू आहे, नोकऱ्याही आहेत. समोरच्या वहिनींना हे जरूर सांगा.

अग्निशमनचं विसरू नका. इमारतीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, त्याचीही प्रत मागा. कमला मिल तुमच्या शेजारीच. २९ डिसेंबर २०१७, गच्चीवरचेच पब, १४ जीव गेले. मी जास्त लिहीत नाही.

आवाजवाला_दादर

मी साउंडचं काम करतो, लग्नांचं आणि स्टेजचं. ताईंच्या पेल्यांवरून माझा अंदाज आहे की तिथे सब-वूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, थेट स्लॅबवर ठेवलेत. असा आवाज हवेतून तर येतोच, शिवाय काँक्रीटमधूनही जातो. तुमची जुनी भिंत त्या इमारतीला कुठे चिकटलेली असेल तर विषयच संपला.

मोजमापात एक मेख आहे. पोलिसांचं मीटर ‘ए’ वेटिंगवर मोजतं, माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या हिशोबाने. त्यात खालचे सूर कमी धरले जातात. ६३ हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजातून तब्बल २६ डेसिबल वजा होतात. म्हणजे तुमची काच थरथरत असते आणि मीटर साधा आकडा दाखवतं. म्हणून मोजणी गेटवर नको, तुमच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून करायला सांगा. ‘सी’ वेटिंगचाही आकडा घ्या म्हणावं, त्यात खालचे सूर फारसे वजा होत नाहीत. नियमात तो मोजत नाहीत, पण समोरासमोर बसून बोलताना उपयोगी पडतो.

क्लबवाल्यांना उपाय माहीत असतात. सबखाली रबराचे किंवा स्प्रिंगचे माउंट, आवाज ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारा लिमिटर, दहानंतर सब बंद. खर्च त्यांच्या एका शनिवारच्या धंद्यापुढे काहीच नाही. करत नाहीत कारण कुणी मागत नाही.

रातपाळी_अंधेरी

मी स्वतः बारमध्ये काम करतो म्हणून बोलतो, राग मानू नका. आम्ही पण चाळीतलीच पोरं आहोत. दहाला संगीत बंद केलं तर गिऱ्हाईक येत नाही, टिप नाही, मग पहिली कपात आमचीच. आणि गणपतीत तुमच्याच चाळीसमोर ढोल वाजतात तेव्हा कोण तक्रार करतं?

चाळकरीण_लोअरपरळ

दादा, राग कशाला, तुमचं बरोबर आहे. गणपतीचं सांगते. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, आणि कोणते दिवस ते आधी जाहीर होतं. आमचे हे त्या दिवसांत पाळी बदलून घेतात. इथे आठवड्यातून तीन रात्री आहेत, वर्षभर. पण आमच्या मंडळाचेही स्पीकर मागच्या वर्षी वेळेनंतर चालू होते, हेही खरं आहे. यंदाच्या मीटिंगमध्ये मी उठून बोलणार. शेजाऱ्याला सांगायचं तर आधी आपल्या घरात सांगायला हवं.

तुमची कपात व्हावी असं मला खरंच वाटत नाही. म्हणून आवाजवाल्या दादांचं लिहिलेलं छापून घेतलं आणि समोरच्या मुलाकडे दिलं. तो म्हणाला, काकी, मी मॅनेजरला दाखवतो, पण माझं नाव पत्रात कुठे नको. नाही घालणार म्हटलं.

गिरगावची_मावशी

अगं, एक वही कर. तारीख, वेळ, काय ऐकू आलं, कुणाला फोन केला, कोण आलं, सगळं त्याच रात्री लिहायचं. सकाळी नाही. आमच्याकडच्या हॉलच्या आवाजाच्या तक्रारीत साहेबांनी दुसरं काही वाचलं नाही, वही मात्र पानापानाने वाचली.

चाळकरीण_लोअरपरळ

मावशी, वही केली, मुलीची जुनी दोनशे पानी. दोन्ही अर्ज काल दिले, पोच घेतली. शुक्रवारी पहिली नोंद केली: रात्री १२:१०, पेले वाजतायत, काच थरथरते, ११२ला फोन, १२:३५ला दोघं आले. लिहीत होते तेव्हा समोरच्या वहिनी पाणी भरायला बाहेर आल्या. उभ्याने वाचलं आणि म्हणाल्या, मलापण झोप नाही गं लागत. सही नाही केली. मी मागितलीही नाही.

खारचे काका, नकाशा हातात आला की फोटो इथे टाकू का? त्यातलं मला काही कळणार नाही. गच्ची कुठे दाखवलेली असते ते सांगाल?

खारचे_काका

टाका. परवाना क्रमांक, नावं झाकून टाका. नकाशात मंजूर जागेभोवतीच्या लाल रेषेच्या आत काय आहे ते आधी बघा.