रविवारची मिस्सा संपल्यावर: कामात आणि घरात देव कसा भेटतो? (अनुभव धागा)

आपल्यापैकी बहुतेकांचा देवाशी ठरलेला वेळ म्हणजे रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रात्रीची रोझरी (मारियामातेची जपमाळ). मधले तास कोणाचे? लोकल पकडणं, पोरांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, म्हाताऱ्यांची औषधं हे सगळं उरकलं की मग प्रार्थना, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच स्पष्ट सांगितलं की पावित्र्याचं बोलावणं फादर-सिस्टरांना आहे तेवढंच प्रापंचिकांनाही आहे. आणि आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांकडेच बघा ना! जपानमध्ये आधी जेझुइट फादरांच्या हाताखाली धर्मशिक्षण देत होते, मग व्यापारात पडले, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर (फादर नसलेले संन्यासी) झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मरण आलं तेव्हाही ते फादर नव्हते.

तेव्हा लिहा. चमत्कार नकोत. तुमचा साधा मंगळवार कसा जातो ते सांगा. देव कुठे जाणवतो आणि कुठे अजिबात जाणवत नाही, दोन्ही येऊ द्या.

नंदाखालजवळ, फुलशेती

मोगऱ्याच्या दिवसांत आम्ही अंधारातच कपाळाला बॅटरी बांधून वाडीत उतरतो. कळी मिटलेली असतानाच खुडायची. उशीर झाला की ती उमलते, आणि उमललेल्या फुलाला दादरला भाव मिळत नाही. दोन्ही हात कळ्यांत असतात, जपमाळ धरणार कुठे? माझ्या आईची पद्धत अशी होती की एका झाडाला एक 'नमो मारिया', दहा झाडं झाली की 'गौरव असो', आणि पुढचं रहस्य (येशू-मारियेच्या जीवनातला एकेक प्रसंग). मीही तेच करते. मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची रहस्यं, त्या दिवशी वाडी जरा लांब वाटते.

शेजारच्या सरीत सून असते. अर्धी प्रार्थना मी म्हणते, उरलेली अर्धी तिने म्हणायची. ती नवी होती तेव्हा आम्हा दोघींचं फारसं पटत नव्हतं, हे गावाला माहीत आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण रोझरीत समोरचीने आपलं वाक्य पूर्ण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आदल्या रात्री भांड्यांवरून कुरबुर झालेली असली तरी पहाटे तिच्या आवाजाची वाट बघावीच लागते. आवाज आला की निम्मा राग तिथेच जातो. आता तिला बरं नसलं की मला एकटीला म्हणताना चुकल्यासारखं होतं.

काही जण विचारतात, तुम्ही ख्रिस्ती आणि तुमची फुलं गणपतीच्या हारात, देवीच्या वेणीत जातात, तुम्हाला काय वाटतं? मला चांगलं वाटतं. मी प्रार्थना करत खुडलेली कळी कुणाच्या तरी प्रार्थनेतच जाऊन पोचते. आणखी काय पाहिजे?

मुंबईतलं हॉस्पिटल, अतिदक्षता विभागातली नर्स

आमच्याकडे प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे असतात. एका शिफ्टमध्ये किती वेळा होतं याची गणतीच नाही. मिस्सेत अर्पणविधीच्या वेळी वेदीसेवक फादरांच्या हातांवर पाणी ओततो आणि फादर स्वतःशीच प्रार्थना पुटपुटतात, हे लहानपणापासून बघत आले होते. ते शुद्धीसाठी मागत असतात हे मोठेपणी एका सिस्टरांनी समजावलं. तेव्हापासून हातावर सॅनिटायझर चोळताना मी समोरच्या माणसाचं नाव मनात घेते. बेड नंबर नाही, नाव. नळ्या आणि मॉनिटरच्या गर्दीत नावच पहिलं हरवतं.

शुभ शुक्रवारी सुट्टी मिळणं आमच्यात अवघड. एका वर्षी दुपारी तीनला, गावी चर्चमध्ये दुःखसहनाचा विधी सुरू होण्याच्या वेळी, मी एका आजोबांचं तोंड साफ करत होते. तोंडाने काही द्यायचं नव्हतं, ओठांना भेगा पडलेल्या. बोटाला गॉज गुंडाळून, पाण्यात भिजवून, पिळून ओठांवरून फिरवायचा, एवढंच करता येत होतं. ते गॉज चोखायला बघत होते. क्रुसावर येशूला तहान लागली होती हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, पण त्या दुपारी ते माझ्या बोटाला जाणवलं. त्या वर्षी विधी चुकला असं मी म्हणत नाही.

मात्र दोन पेशंट एकाच वेळी बिघडतात तेव्हा मनात काहीही नसतं. प्रार्थना नाही, देव नाही, फक्त हात चालतात. परतीच्या गाडीत बसले की ती नावं एकेक करून त्याच्या हवाली करते.

विरार लोकल, लेडीज डबा

वरच्या ताईंच्या परतीच्या गाडीवरून लिहावंसं वाटलं. माझ्या बोटात दहा मण्यांची जपाची अंगठी आहे. उभं राहून जायचं असलं तरी एका हाताने होते. आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्या मैत्रिणी भजनं म्हणतात. माझं संपेपर्यंत त्या थांबतात, मग मीही टाळ्या धरते.

श्रीरामपूर तालुका, एसटी चालक

आमच्याकडे मतमाउलीची (मारियामातेची) यात्रा म्हणजे वर्षाचा सण. सप्टेंबरात हरेगावला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. लांबलांबून लोक पायी येतात. माझे आई-वडील पायी जायचे, मीही लहानपणी त्यांच्याबरोबर चाललोय.

नोकरी लागल्यापासून मात्र यात्रेच्या दिवशी माझी रजा मंजूर होत नाही, कारण त्याच दिवशी जादा गाड्या सुटतात. पहिल्या वर्षी फार जीवाला लागलं. घरच्या सगळ्यांनी दर्शन घेतलं आणि मी स्टिअरिंगवर. मग आईच म्हणाली, "अरे, तू शंभर माणसं तिच्या दारात आणून सोडलीस, ती तुला विसरंल व्हय?" तेव्हापासून मी ती ड्युटी मागून घेतो. म्हाताऱ्या बायका उतरेपर्यंत थांबतो, पायरीशी हात देतो. उशीर झाला म्हणून कंडक्टर ओरडत नाही, तोही त्या दिवशी निवांत असतो. एरवी रोज डबल बेल वाजली की गिअर टाकायच्या आधी छातीवर क्रुसाची खूण करतो. माझ्या मागे बसलेल्यांना त्यांच्या घरी पोचवायचं आहे, एवढंच त्या वेळी मनात असतं.

पुणे, निवृत्त शिक्षक

सगळ्यांचं लेखन मनापासून आवडलं, तरी एक शंका मांडतो. 'माझं कामच माझी प्रार्थना' हे वाक्य मी अशा लोकांच्या तोंडून जास्त ऐकलं आहे ज्यांनी चर्चला जाणं सोडलं आहे. कामात देव आहेच, पण शांत बसण्याची, पापनिवेदनाला जाण्याची, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची जागा काम घेऊ शकत नाही. घासाघीस करताना आणि मेल लिहिताना माणूस बहुतेक वेळा स्वतःचाच विचार करत असतो. मी तरी करायचो.

धागाकर्ती

सर, शंका रास्त आहे आणि मीही तुमच्याच बाजूची आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचे. भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सहवासात राहता येतं हे लोक त्यांच्याकडून शिकले. पण ते मठातल्या प्रार्थनेच्या वेळाही पाळत होते, हे सांगताना वगळलं जातं. नर्सताईंना सॅनिटायझर लावताना जे सुचतं ते वेदीपाशी पाहिलेलं आहे म्हणून सुचतं. मिस्सा वजा केली तर तो नुसता संसर्गाचा नियम उरेल. आणि मोगऱ्याच्या वाडीतल्या मावशींना तरी रोझरी पाठ कुठून झाली? घरातल्या रात्रीच्या रोझरीतूनच ना.

वसई, कॅथलिक घरातली हिंदू सून

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि कुणी आग्रहही केला नाही, त्यामुळे लिहू की नको असं झालं होतं. माझं निरीक्षण सासूबाईंविषयी आहे. फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ मळून झालं की त्या बोटाने त्यावर क्रूस काढतात आणि मग झाकतात. संध्याकाळची प्रार्थना झाली की घरातली लहान माणसं मोठ्यांकडून आशीर्वाद घेतात, अगदी दुपारी भांडण झालेलं असलं तरी. माझ्या माहेरी तिन्हीसांजेला दिवा लावून 'शुभं करोति' झालं की आम्ही वाकून नमस्कार करायचो, त्यामुळे मला इथे परकं वाटलंच नाही. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा प्रार्थना संपली की सासूबाई स्वतः त्यांचा हात उचलून नातवाच्या डोक्यावर ठेवायच्या. मुलगा आता कॉलेजात आहे. कुठे निघाला की अजून डोकं पुढे करतो.

वसई पूर्व, बांधकाम ठेकेदार

माझ्या धंद्यात भक्ती दाखवायला जागा कमी, म्हणून मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: शनिवारी संध्याकाळी मजुरांचे पैसे. मजुराची मजुरी अडवणं हे पाप स्वर्गाकडे टाहो फोडतं, असं आपलं धर्मशिक्षण सांगतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात ते आहेच. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांवर परिपत्रक काढलं तेही याच मुद्द्यावर ठाम आहे. लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात हे पाठ केलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या वहीत दुसऱ्याची मजुरी लिहायला लागलो तेव्हा कळलं.

आमच्या लाइनीत मालकाचं बिल अडकलं की ठेकेदार मजुरांना थांबवतो, सगळेच तसं करतात. पण मजूर थांबला की पालघरच्या किंवा बिहारच्या त्याच्या घरी चूल थांबते. बिल कधीही येवो, शनिवार चुकवायचा नाही, असं आम्ही नवरा-बायकोने लग्नानंतर लगेच ठरवलं. वही तीच सांभाळते. एकेकाला नावाने बोलावते, नोटा त्याच्यासमोर मोजते, घरी कोण आजारी आहे ते विचारते. यापायी पतपेढीचं कर्ज डोक्यावर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं देवाचं नाव घेतलं की पैसा आपोआप जुळतो. तसं होत नाही. चांगले मिस्त्री मला सोडून जात नाहीत, हे मात्र खरं.

या शनिवारचे पैसे अजून पुरे झालेले नाहीत. दोन साइटच्या मालकांकडून येणं आहे. उद्या सकाळची सहाची मिस्सा झाली की आधी त्यांच्याच दारात जाऊन बसणार आहे.