मदत हवी आहे: याला मेघडंबरी म्हणू का?

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या गिमिल्यो गावच्या चर्चवर मराठीत लिहितेय. बाहेरच्या अंगणातला ग्रॅनाइटचा क्रूसस्तंभ (१५८१ ते १५८८, दोनशेच्या आसपास मूर्ती, त्यात भुतांनी फरफटत नेलेली एक पोरगीही!) लिहून झाला. अडलंय आत. स्नानसंस्काराच्या (म्हणजे बाप्तिस्म्याच्या) कुंडावर १६७५ सालचा ओक लाकडाचा उंच मंडप आहे. आठ खांब, दोरखंडासारखे पिळलेले, त्यांवर द्राक्षवेल चढलेला. 'छत्री' म्हटलं तर पावसाळा आठवतो, 'मेघडंबरी' म्हटलं की थेट रायगड!

वसईकरांनो, तुमच्याकडे अशा मंडपाला काय म्हणतात? आणि फादर ज्या कोरीव उंच जागेवरून प्रवचन करायचे तिला? 'व्यासपीठ' लिहिलं की डोळ्यांसमोर माईक आणि हारतुरे येतात. बोलण्यातले शब्द सांगा, शब्दकोशातले नकोत.